शिंगवाला किडा आणि त्याचे मुंगळे

आमच्या भागात पाऊस ओसरून तूर छातीला लागली, की फोन वाजू लागतात. शेंड्यांचे, पानांचे, शेंगांचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते : ‘म्याडम, काय मारावं?’ हे काय आहे, असं विचारणारे थोडेच. या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही. ज्याच्या घरचं वर्ष त्या फुलोऱ्यावर उभं आहे, तो आधी औषधच विचारणार. मराठवाड्यात पीक संरक्षणाच्या कामात कीड ओळखून देणं हे माझं रोजचं काम. पण औषधाचं नाव तोंडातून काढण्याआधी मी उलट विचारते, ‘झाडावर आणखी कोण कोण आहे?’ ही सवय मला ज्या किड्यामुळे लागली, त्याच्याविषयी लिहायचं आहे.

तुरीच्या हिरव्या खोडावर, बहुतेक वेळा फांदी फुटते त्या बेचक्यापाशी, राखाडी-तपकिरी रंगाचे ६-७ मिलिमीटरचे किडे एकाखाली एक बसलेले दिसतात. पुढे दोन बाजूंना दोन शिंगं आणि पाठीवरून मागे पार टोकापर्यंत गेलेला एक काटा. बोट जवळ नेलं तरी ते लगेच उडत नाहीत. सरकत सरकत खोडाच्या पलीकडच्या बाजूला जातात. आपण पलीकडे वाकलो की ते अलीकडे. फारच छेडलं तर मागच्या पायांच्या जोरावर अशी उडी घेतात, की क्षणात दिसेनासे होतात. कृषी पदवीच्या पुस्तकांत यांना ‘काऊ बग’ म्हणतात, कीटकशास्त्रात ‘ट्रीहॉपर’. कुळ मेंब्रॅसिडी. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि ढेकूण ज्या गणात येतात, त्याच हेमिप्टेरा गणात हेही येतात. सोंडेसारखं तोंड झाडात खुपसून रस ओढायचा, हा यांतल्या बहुतेकांचा धंदा. जगभरात या कुळाच्या तीन हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. आपल्याकडे सहज भेटणारी म्हणजे ऑक्सिरॅकिस टॅरँडस. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ साली तिचं वर्णन केलं.

तुरीवर हा किडा दिसला म्हणून त्याचं घर तुरीत असतं असं नाही. तूर हे चार-सहा महिन्यांचं पीक. त्याचा खरा मुक्काम बांधावरच्या बाभळीवर असतो आणि तिथे तो वर्षातल्या बहुतेक महिन्यांत भेटतो. म्हणून त्याला समजून घ्यायचं तर शेतात उभं राहून भागत नाही, बांधावर जावं लागतं. माझ्या कामातला सगळ्यात आवडता वेळ मी अशाच बांधांवर घालवला आहे. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि फांदीची उंची डोळ्यांसमोर येईल असं एखादं बसकं बाभळीचं झाड.

भिंगाखाली पहिली गोष्ट कळते ती ही, की ती शिंगं डोक्यावर नाहीतच. डोकं खाली वाकलेलं असतं, बाजूंना दोन डोळे, आणि शिंगं फुटलेली असतात ती डोक्यामागच्या खंडावर. कीटकाच्या छातीचे तीन खंड असतात. त्यांतल्या पहिल्या खंडाचं पाठीवरचं कवच या कुळात अफाट वाढतं. वर शिंगं होतात, मागे तोच भाग लांबत जाऊन पोटावरून आणि पंखांवरून पसरतो. बाकी बऱ्याच कीटकांत हे कवच साधी पट्टी असते. ट्रीहॉपर ओळखायची पहिली खूण हीच. शेतकऱ्यांना मी सांगते, की साधा तुडतुडा पाचरीच्या आकाराचा, सपाट पाठीचा असतो. पाठीवरून मागे गेलेला काटा दिसला की तो ट्रीहॉपर.

पण कुळ कळलं म्हणजे जात कळली असं नाही, आणि इथून पुढे घाई चालत नाही. आमच्याकडे तूर-बाभळीच्या परिसरात तीन प्रकार पुन्हापुन्हा समोर येतात. लेप्टोसेंट्रस बहुधा काळा असतो आणि त्याचा मागचा काटा कमानीसारखा वर उचललेला असतो. बाजूने पाहिलं तर काटा आणि शरीर यांच्या मध्ये मोकळी फट दिसते, त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की चुकत नाही. ओटिनोटसमध्ये तो काटा पाठीला टेकलेला असतो, पण पंखांच्या मुळाशी जी त्रिकोणी ढालपट्टी असते ती दोन्ही बाजूंनी थोडी डोकावते. ऑक्सिरॅकिसमध्ये ती ढालपट्टी कवचाखाली पार झाकून गेलेली. म्हणजे सगळा फरक वरून नव्हे, बाजूने दिसतो. आणि लोक फोटो काढतात ते नेमके वरून!

शिंगांवर फार भिस्त ठेवता येत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. बघणाऱ्याची नजर आधी शिंगांवरच जाते, पण एकाच जातीत ती कुणाची लांब, कुणाची आखूड असतात. काही जातींत नराची शिंगं मादीपेक्षा लहान असतात. एकाच फांदीवर दोन आकाराची शिंगं पाहून दोन जाती समजायचा मोह होतो. खात्री करायची तर नर घेऊन त्याच्या पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात मऊ करायचं, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जननांगांचा आकार पाहायचा. जातीजातीत तो आकार ठरलेला असतो. ही कामं मी संध्याकाळी करते, ऑफिस शांत झाल्यावर. शेजारी पुस्तक उघडं असतं. डिस्टंट यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या मालिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या किड्यांची वर्णनं लिहिली, पण माझ्या खऱ्या उपयोगाचं पुस्तक म्हणजे के. एस. अनंतसुब्रमणियन यांनी लिहिलेला आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९९६ साली काढलेला मेंब्रॅसिडी कुळावरचा खंड. दक्षिणेत वर्षानुवर्षं झाडाझाडापाशी उभं राहून केलेलं काम आहे ते. किडा कोणत्या झाडावर राहतो, त्याच्याजवळ कोणत्या मुंग्या असतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याचं लिखाण वाचताना वेगळाच विश्वास वाटतो.

मुंग्यांचा उल्लेख आला ते बरंच झालं, कारण या किड्याला ओळखण्याचा अर्धा भाग तोच आहे.

बाभळीच्या ज्या फांदीवर ऑक्सिरॅकिस आहे, त्या फांदीवर मोठे काळे मुंगळे असतातच म्हटलं तरी चालेल. हा कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, आपल्या अंगणातला, साखरेच्या डब्यापाशी येणारा मुंगळा. तो झाडाच्या बुंध्याशी जमिनीत राहतो आणि खोडावरून वर-खाली त्याची ये-जा चालू असते. मी किडा शोधायला आधी किडा शोधत नाही. बाभळीच्या बुंध्याशी उभी राहते, मुंगळ्यांची रांग कुठल्या फांदीकडे वळते ते बघते आणि तिच्या मागोमाग नजर नेते. रांग जिथे थांबते, तिथे किडे असतात.

तिथे दिसतात ती पिल्लं. मोठ्या किड्याशी त्यांचं फारसं साम्य नसतं. पंख नाहीत, उडी मारता येत नाही, खोडाला चिकटून घोळक्याने बसलेली. मादी करवतीसारख्या अवयवाने कोवळ्या सालीत चीर पाडून आत अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्लं कात टाकत टाकत पाच अवस्थांतून मोठी होतात. पिल्लाच्या मागच्या टोकाला एक बारीक नळी असते. मुंगळा जवळ येतो, मिशांनी पिल्लाला हलकेच चाचपतो, की त्या नळीच्या टोकाशी पारदर्शक थेंब येतो. मुंगळा तो थेंब पिऊन पुढच्या पिल्लाकडे जातो. पुन्हा चाचपणं, पुन्हा थेंब. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि नत्र कमी. हवं तेवढं नत्र मिळवायला पिल्लांना खूप रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर बाहेर टाकावी लागते. मुंगळ्यांना ती हवीच असते. त्या बदल्यात मिळतो पहारा. कोळी, ढालकिडे, शिकारी ढेकूण असं कुणी फांदीवर आलं की मुंगळे अंगावर धावून जातात. शिवाय तो चिकट पदार्थ फांदीवर साचून राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते. मुंगळे तो उचलून नेत असल्याने पिल्लं स्वच्छ जागेत वाढतात.

बांधावर शेळ्या घेऊन येणाऱ्या एका मावशींना मी हे दाखवू लागले. त्यांनी भिंगातून पाहिलंही नाही. म्हणाल्या, ‘मुंगळे त्येंची गुरं राखायलेत, एवढंच की.’ त्यांनी ते किती वर्षांपासून पाहिलं होतं कोण जाणे. पुस्तकातली चार पानं त्यांच्या एका वाक्यात बसली होती आणि आजही शिबिरात हा किडा समजावताना मी तेच वाक्य वापरते.

याच नात्याचा उलटा अर्थ लावला की गडबड होते. तुरीच्या शेंड्याजवळ मुंगळ्यांची रांग दिसली की ‘मुंगळ्यांनी शेंडा खाल्ला’ असा समज होतो. मग बुंध्याशी पावडर टाकली जाते, वरून फवारा होतो. मुंगळे तूर खात नाहीत. ते आले आहेत ते थेंबांसाठी. आणि ज्याच्या थेंबांसाठी ते आले, त्या किड्याने तुरीचं नुकसान किती होतं? रस शोषल्याच्या आणि अंडी घातल्याच्या जागी खोडावर बुचासारखी खरखरीत गाठ येते, फांदी थोडी कमजोर होते. घोळका फार मोठा आणि रोप फार लहान असेल तर वाढ खुंटते. एरवी तुरीतली ही किरकोळ कीड. तुरीला खरा फटका देतात शेंगा पोखरणारी घाटे अळी, पिसारी पतंग, शेंगमाशी. फुलं न येता झाड हिरवंगार राहतं तो वांझ रोग पसरवतात डोळ्यांना न दिसणारे एरिओफाइड कोळी. मात्र हा किडा मोठा, शिंगवाला, उघड्यावर बसणारा. म्हणून दोष त्याच्यावर जातो. शेंगमाशीची अळी शेंगेच्या आत दाणा खाते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एका शेतकऱ्याने मला दुकानातून मिळालेली दोन औषधांची चिठ्ठी दाखवली होती. दोन्ही फुलोऱ्यात फवारायची होती. तुरीच्या फुलांवर मधमाश्या आणि भुंगे येतात, त्यांच्या येण्याने शेंगधारणेला मदत होते. त्याच झाडांवर शिकारी कोळी असतात, ढालकिडे असतात, आणि या किड्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणाऱ्या, टाचणीच्या टोकाएवढ्या गांधीलमाश्याही असतात. त्या फवाऱ्यात हे सगळे गेले असते आणि घाटे अळीला मोकळं रान मिळालं असतं. मी त्याला शेतातच उभं करून शेजारच्या दोन ओळींतल्या शेंगा उघडायला लावल्या. एकीत अळी निघाली. त्याने आपणच चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, ‘मंग आधी हिचं सांगा.’ माझ्या कामात याहून समाधानाचा क्षण मला आठवत नाही.

आता त्या शिंगांविषयी. शिबिरात शाळेची मुलं असली की हमखास विचारतात, ‘शिंगं कशाला?’ सोपं उत्तर आहे : काट्यासारखं दिसून लपायला. कित्येक पुस्तकांत ते लिहिलेलं आहे आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या काही जातींना ते शोभतंही. त्या ओळीने बसल्या की गुलाबाची काटेरी फांदी वाटते. पण बाभळीपाशी उभं राहून बघा. बाभळीचा काटा लांब, सरळ, पांढुरका, जोडीने आलेला. आपला किडा राखाडी, बसका, वाकडी शिंगं असलेला. तो काट्यासारखा दिसत नाही. सालीवरच्या गाठीसारखा, वाळलेल्या डोळ्यासारखा दिसतो. आणि तुरीला तर काटाच नसतो. तेव्हा पुस्तकातलं एक वाक्य उचलून सगळ्या कुळाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लपण्याखेरीज आणखी कारणं आहेत. टोकदार, कठीण कवच असलेला घास सरड्याला गिळायला त्रासाचा, हे अमेरिकेतल्या अंबोनिया या ट्रीहॉपरवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. २०२५ साली सॅम इंग्लंड, डॅनियल रॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ट्रीहॉपरना जवळ येणाऱ्या कीटकाच्या अंगावरचा स्थिर विद्युतभार जाणवतो आणि त्यांचे हे चमत्कारिक आकार त्या जाणिवेला धार देत असावेत.

ते कवच आलं कुठून, यावर तर वैज्ञानिकांत मोठा वाद झाला. २०११ साली बेंजामिन प्रुदोम यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये मांडलं, की हे कवच म्हणजे छातीच्या पहिल्या खंडावर उगवलेली पंखांची तिसरी जोडीच आहे. कीटकांच्या पहिल्या खंडावर पंचवीस कोटी वर्षांत पंख नव्हते, म्हणून ही बातमी जगभर गाजली. पुढच्याच वर्षी इश्त्वान मिको आणि काझुनोरी योशिझावा यांनी शरीररचना बारकाईने तपासून ते खोडलं : हा पंख नाही, पाठीच्या कवचाचीच वाढ आहे. त्यानंतरच्या जनुकीय अभ्यासात असं निघालं, की पंख घडवणाऱ्या जनुकांची यंत्रणा या कवचाच्या घडणीत वापरली जाते. म्हणजे पंख नव्हेत, पण पंखांची कारागिरी कामाला आलेली. बांधावरच्या ज्या किड्याला आपण चिमटीत धरून फेकतो, त्याच्या पाठीवर एवढा मोठा प्रश्न आहे, हे मुलांना सांगताना मला फार आनंद होतो.

अंबोनियाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी १९९६ साली दाखवून दिलं, की शत्रू जवळ आला की तिची पिल्लं सगळी मिळून फांदीतून कंपनं पाठवतात, आणि ती कंपनं ओळखून आई धावून येते, पंख फडफडवते, लाथा मारते. आपल्या कानाला काहीच ऐकू येत नाही. सगळं बोलणं लाकडातून चालतं. तर पब्लिलिया या दुसऱ्या अमेरिकी जातीत मुंग्या राखणीला आल्या की आई पिल्लं त्यांच्यावर सोपवून निघून जाते आणि नवी अंडी घालते, हे कॅथरीन ब्रिस्टो यांनी १९८३ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलं. हे वाचल्यापासून बाभळीची फांदी हातात धरताना मी ती आधी हलवत नाही. हलवली की तिच्यावर चाललेलं सगळं बोलणं बंद पडणार.

कीड ओळखणं म्हणजे नाव लावणं, अशी समजूत आमच्या खात्यातही आहे. तक्त्यात एक रकाना असतो, त्यात नाव भरलं की काम संपलं. मला ते पटत नाही. नाव हवंच, नावाशिवाय दीडशे-दोनशे वर्षांत लोकांनी त्या जातीविषयी काय काय पाहून ठेवलं, तिथवर पोचताच येत नाही. पण तुरीच्या खोडावर ‘ऑक्सिरॅकिस टॅरँडस’ एवढंच लिहून पाठवलं तर शेतकऱ्याच्या हाती काय पडलं? त्याला हवं असतं ते पुढचं : याच्याजवळ मुंगळे का आहेत, शेजारी बाभूळ आहे का, खोडावर गाठी किती, शेंगेत काय आहे. ते बघितलं की बहुतेक वेळा उत्तर निघतं, ‘काही मारू नका. घोळका मोठा असेल तर ती फांदी छाटा, नाहीतर राहू द्या.’ हे उत्तर द्यायला औषध सांगण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि जास्त धीर लागतो, कारण नुकसान झालं तर जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. तरी तेच द्यावं.

म्हणून वाचणाऱ्यांना, विशेषतः शेतात जाणाऱ्यांना, एक विनंती. असा शिंगवाला किडा दिसला तर फोटो वरून एक काढा, पण बाजूने दोन काढा आणि समोरून एक. किडा खोडापलीकडे गेला तर घाई करू नका. आपण स्थिर राहिलो की तो परत अलीकडे येतो. झाडाचं नाव लिहा. फांदीवर मुंग्या आहेत का, त्या मोठ्या काळ्या की बारीक लाल, तेही लिहा. आसपास पिल्लं असतील तर त्यांचाही फोटो हवा. नमुना पाठवायचा तर पिशवीत चुरगाळून नको; ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाका आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा : गाव, तारीख, झाड. शाईने लिहिलं तर अल्कोहोलमध्ये अक्षर पुसलं जातं. एवढं आमच्या हाती आलं की उत्तर नक्की देता येतं. आणि ते येईपर्यंत फवारणीचा पंप खांद्याला लावू नका.